बिऱ्हाडाच्या शोधात भीमराव

परदेशी शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकांच्याही आधी बिऱ्हाडाची चिंता असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने पाहू लागलो, तेव्हा आपल्या बडोद्याचे नाव मला त्यात दोनदा आढळले. एकदा ऊर भरून आला, एकदा मान खाली गेली.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली त्यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. तेथील वसतिगृहातले जेवण त्यांना प्रथम रुचेना. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत ते राहिले आणि खोलीतला सोबती जन्माचा स्नेही झाला. आपण अस्पृश्य मानले जातो, याचा परदेशी वास्तव्यात त्यांना विसरच पडला होता.

करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण राहावयाचे कोठे? हिंदूंच्या खाणावळीत थारा नव्हता. अखेर दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव धारण करून ते एका पारशी सराईत उतरले. वर अडगळीने भरलेला अंधारा दिवाणखाना, सोबतीला एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना सामान उचलावे लागले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोघा मित्रांनीही घरी घेण्याचे टाळले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला. माझ्या घराण्याला ज्या दरबाराने आसरा दिला, त्याच दरबाराच्या या विद्वान नोकरास शहरात एक खोली मिळू नये!

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथली घरमालकीण कडक व हात आखडून वाढणारी. रात्री अभ्यासात भूक लागली की पापड भाजून खावयाचे. तरी खोली होती आणि निजताना नाव बदलावे लागत नव्हते. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. पुढे बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांना पुरेशी जागा व्हावी म्हणून.

कमाटीबागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. लोक तेथे हात जोडतात. मात्र गाणे शिकण्यास परगावाहून येणारी मुले मला सांगतात, की घरमालक भाड्याच्या आधी आडनाव विचारतो.