कुलूपवाल्याचा जॉर्ज

मैत्रिणींनो, आज ज्याच्याबद्दल सांगणार आहे, त्याचं नाव आपण शाळेत विज्ञानाच्या पेपरापुरतं पाठ केलं आणि विसरलो. जॉर्ज सायमन ओहम. जर्मनीतल्या एर्लांगेन गावात १७८९ साली, कुलपं बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी तो जन्मला. आई शिंप्याची लेक. सात मुलं झाली, जगली तीनच. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली.

मला या गोष्टीत खरा आवडतो तो बाप. स्वतःच वाचून वाचून गणित शिकला आणि पोरांनाही घरी शिकवलं. मुलगा युनिव्हर्सिटीत जाऊन नाच आणि बिलियर्ड्समध्ये रमला, तेव्हा त्याला तिथून काढून थेट स्वित्झर्लंडला मास्तरकी करायला धाडलं! बाप लोक सगळीकडे सारखेच. पण पोरगा सुधारला. १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे १८१७ पासून कोलोनच्या शाळेत शिकवू लागला.

तिथेच त्याला विजेचं वेड लागलं. कुठली तार किती वीज वाहू देते, हे त्याला मोजायचं होतं. पण तेव्हाच्या बॅटऱ्यांचा जोर सारखा कमी-जास्त व्हायचा. मग त्यानं तांबं आणि बिस्मथ हे दोन धातू जोडले, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला नि दुसरा बर्फात. त्यातून निघणारी वीज थोडी, पण अगदी स्थिर. मग लहान-मोठ्या तारा जोडून तो मोजत बसला. तार लांब, तर प्रवाह कमी.

त्यातून निघालेला नियम अगदी सोपा आहे. व्होल्टला अँपिअरने भागलं की तारेचा विरोध मिळतो. शक्तीचा, म्हणजे वॅटचा हिशेब ओहमचा नव्हे, तो नंतर आला. पण दोन्ही हातात हात घालून चालतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. आता आपली १००० वॅटची इस्त्री घ्या. घरात २३० व्होल्ट. १००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ४.३ अँपिअर. विरोध सुमारे ५३ ओहम. २००० वॅटचा गीझर मात्र ८.७ अँपिअर ओढतो, आणि त्याचा विरोध निम्माच, २६ ओहम! विरोध कमी, म्हणून प्रवाह जास्त. लहान पिनचा प्लग पाच-सहा अँपिअरचा असतो, म्हणून गीझरला मोठी पिन लागते. तिथे अडाप्टर लावून जुगाड केलात, तर प्लग तापून वितळतो, आगही लागू शकते.

आणि या सोप्या नियमाचं त्याला काय मिळालं? १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं, तेव्हा जर्मनीतल्या जाणकारांनी फारशी दखलच घेतली नाही. त्यानं कोलोनची नोकरी सोडली, बर्लिनमध्ये तात्पुरती शिकवण्याची कामं केली. १८३३ मध्ये कुठे न्यूरेंबर्गला बरी जागा मिळाली. मान दिला तो परक्यांनी; १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं. लग्न त्यानं केलंच नाही. आयुष्यभर हवी होती ती म्युनिक युनिव्हर्सिटीतली प्राध्यापकी १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. दोनच वर्षांनी तो गेला. विरोधाच्या मापाला 'ओहम' म्हणायचं, हे पॅरिसच्या परिषदेत ठरलं १८८१ मध्ये.