तोट्यातल्या दुकानांचा धनी

कसाऱ्याहून विहिगावमार्गे घाटरस्त्याने वर चढत गेले की खोडाळा लागते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखातले हे बाजाराचे गाव. मीठ-मिरची, तेल, कापड, चपला घ्यायला भोवतालच्या पाड्यांवरची माणसे येथे येतात. दिवाळी सरली, नागली-वरईची कामे आटोपली, की याच पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गिऱ्हाईक गावाबाहेर गेले की अशा बाजाराला कळा राहत नाही. २०१६ च्या नोटाबंदीत आणि २०२० च्या टाळेबंदीत हा अनुभव शहरातल्या मोठ्या पेठांनाही आला. दुकानदाराच्या आळसाने दुकान बुडाल्याची उदाहरणे असतील, पण बहुतेक दुकाने बुडतात ती गिऱ्हाइकाच्या कनवटीला पैसा उरत नाही म्हणून.

दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वकिलाने हा साधा हिशेब मनावर घेतला. तो नुसता सभेत मांडून तो थांबला नाही. पदरचे पैसे घालून त्याने दुकाने काढली, तोटा सोसला, आणि कोर्टात, सभेत, दरबारात हाताने विणलेल्या जाड्याभरड्या कापडात वावरला. गणेश वासुदेव जोशी हे त्याचे नाव. महाराष्ट्र त्यांना सार्वजनिक काका म्हणून ओळखतो, म्हणजे निदान शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरता तरी ओळखतो. त्या ओळीत सभा असते, स्थापनेचे साल असते. दुकाने मात्र नसतात.

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. त्यांच्या वयाच्या विसाव्या वर्षी, १८४८ मध्ये, सातारचे राज्य खालसा झाले. ते पोटासाठी पुण्यास आले, कोर्टात कारकुनी केली, पुढे वकिलीची परीक्षा देऊन सनद मिळवली आणि बघता बघता त्यांचा जम बसला. विश्वविद्यालयाची पदवी नाही, इंग्रजीचा थाट नाही. होती ती माणसे जोडण्याची विलक्षण हातोटी. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांच्या तक्रारी होत्या. त्यांची दाद लावायची तर लोकांचे खरेखुरे प्रतिनिधी हवेत, या विचारातून २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निदान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्याशिवाय कोणाला सभेचा सभासद होता येत नसे. मतपेटी या देशात यायला अजून बराच अवकाश असताना ही युक्ती निघाली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. मात्र सभेसाठी पायाला भिंगरी लावून फिरणारा माणूस म्हणजे काका. लोकांनी दिलेली पदवी त्यांना जन्मभर चिकटली.

आता त्या वेळचा बाजार कसा होता ते पाहिले पाहिजे, नाहीतर काकांची धडपड म्हणजे नुसता हट्ट वाटेल.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा सगळी मागणी इकडे वळली. कापसाचे भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला, नव्या बँका आणि कंपन्या निघाल्या, बॅकबेच्या भरावाच्या शेअरांवर लोकांनी घरेदारे लावली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. प्रेमचंद रायचंदांसारखा सट्ट्याचा राजा आडवा झाला, डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वान धन्वंतऱ्याची कमाई बुडाली, खुद्द बँक ऑफ बॉम्बे पुढे गुंडाळावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजारांवर होती. १८७२ च्या शिरगणतीत ती ६ लाख ४४ हजारांवर आली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी झाली. शहरातून एवढी गिऱ्हाइके गेल्यावर दुकानांचे काय झाले असेल, हे सांगायला वेगळ्या आकड्यांची गरज नाही.

मुंबईचा डोलारा कोसळल्याचा आवाज देशावर पोचायला थोडा वेळ लागला. कापसाचा पैसा खेळत होता तेव्हा गावोगावच्या दुकानदार-सावकारांनी कुणब्याला हात सैल सोडून उधारी दिली होती. भाव पडल्यावर ही उधारी फिटेना. त्यातच १८६७ पासून इंदापुरापासून सुरुवात करून सरकारने जमिनीचा सारा नव्याने आकारला आणि तो बऱ्याच ठिकाणी दीडपट, दुप्पट झाला. पीक स्वस्त, सारा महाग. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने आणखी एक पेच टाकला होता. साध्या रोख्याची मुदत तीनच वर्षे, म्हणून दर तीन वर्षांनी नवा रोखा, आणि त्यात थकलेल्या व्याजाची मुद्दल होऊन बसलेली. कायदा कुळाच्या रक्षणासाठी केलेला आणि फास बसला तो कुळालाच.

खेड्यातले दुकान आणि सावकारी ही दोन निराळी खाती नव्हती, हे येथे विसरू नये. ज्याच्याकडून मीठ आणि कापड घ्यायचे, त्याच्याच चोपडीत अंगठा उठवायचा आणि सुगीला त्याच्याच ओट्यावर धान्य ओतायचे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करड्याच्या लोकांनी आपल्या सावकाराशी असहकार पुकारला. त्याच्या दुकानातून कोणी काही घेईना, न्हावी-धोबी त्याच्याकडे जाईनात, पाणी भरायला माणूस मिळेना. पुढे १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजारच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात जमाव उठला, दुकाने आणि घरे फोडली आणि रोखे व चोपड्या यांची होळी केली. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. जीव घेण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्या लोकांचा भर होता, आणि यातच त्या दंग्यांचे कारण वाचता येते.

काकांच्या सभेला हे आकस्मिक वाटले नाही. दंग्यांच्या दोन-तीन वर्षे आधीच सभेने रयतेच्या हलाखीची चौकशी हाती घेतली होती. १८७१ च्या अखेरीस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास बदलून आले आणि जोडी जमली. रानड्यांनी विचार करायचा, टाचण काढायचे, मसुदा लिहायचा आणि काकांनी तो खांद्यावर घेऊन गावभर हिंडायचे. रानड्यांनी या काळात देशी व्यापारावर व्याख्याने दिली. देशातला कच्चा माल बाहेर जातो, पक्का होऊन परत येतो आणि मधल्या मधल्या कारागीर उपाशी राहतो, हे सूत्र त्यांनी मांडले. बोरघाटातून रेल्वे पुण्याला जोडली गेली होती, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता. मँचेस्टरचे धोतरजोडे आता थेट पेठेत उतरत होते. कोष्टी, साळी, रंगारी यांच्या धंद्याला ओहोटी लागली, आणि त्यांच्या मालावर चालणाऱ्या जुन्या दुकानदाराला दोनच वाटा राहिल्या, विलायती माल ठेवणे किंवा फळ्या लावणे.

व्याख्याने ऐकून श्रोते घरी गेले. काका घरी गेले ते चरखा घेऊनच बसले असे म्हणायला हरकत नाही. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशीची शपथ घेतली. स्वतः सूत कातायचे, त्याचे कापड विणून घ्यायचे आणि तेच अंगावर घालायचे. गांधीजी त्या वेळी दोन-सव्वादोन वर्षांचे होते. चांगली चाललेली वकिली, समोर रेशीमकाठी उपरणी ल्यालेले प्रतिष्ठित पक्षकार, आणि वकीलसाहेब अंगात घोंगडीसारखी बंडी घालून उभे. पुणेरी जिभांनी काय काय कुजबुज केली असेल, याची कल्पना पुण्यात राहिलेल्या कोणालाही करता येईल.

पण एकट्याने खादी नेसून कोष्ट्याचा माग चालत नाही. माल खपला पाहिजे. म्हणून काकांनी देशी व्यापाराला उत्तेजन देणारे मंडळ काढले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असा रोजच्या वापराचा माल येथेच तयार व्हावा, म्हणून कारागिरांना उभे करण्याचा प्रयत्न केला. देशी मालाची दुकाने पुण्यात निघाली, तशी बाहेरगावीही निघाली. त्यामागे भागीदारीची कल्पना होती: दहा जणांनी भांडवल घालावे, माल आपल्या माणसांकडून घ्यावा, आपल्या माणसांना विकावा. सहकार हा शब्द आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

ही दुकाने टिकली नाहीत.

का टिकली नाहीत, याचा विचार काकांच्या चरित्रकारांनी फारसा केलेला दिसत नाही. भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रात तोट्याला त्याग म्हणतात आणि पुढे जातात. मला वाटते, तोट्याकडे तोटा म्हणूनच पाहिले तर काका अधिक मोठे दिसतात. हातमागाचे कापड महाग पडे आणि यंत्राच्या कापडापुढे ओबडधोबड दिसे. नव्याने शिकलेल्या कारागिराचा साबण आणि शाई विलायती मालाच्या तोडीची कशी असणार? ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, तो देशाभिमानापोटी चार आणे जास्त मोजणार नाही. ज्याला मोजता येतील, त्याला विलायती नजाकत हवी. गरिबाला परवडत नाही आणि श्रीमंताला आवडत नाही, अशा कात्रीत ही दुकाने सापडली. पडती किंमत लावून माल विकायचा आणि तूट वकिलीच्या मिळकतीतून भरायची, हे काका करत राहिले. भागीदारीच्या दुकानात आणखी एक जुने दुखणे असते. नफा वाटून घ्यायला सगळे येतात, तूट भरायच्या दिवशी एकाच्याच घराचा पत्ता सर्वांना आठवतो.

सरकारी धोरणाचे माप तर उलटच होते. विलायतेतून येणाऱ्या कापडावर थोडीशी जकात होती, तीही लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या डोळ्यांत खुपत होती. १८७९ मध्ये लॉर्ड लिटनने जाड्या कापडावरची जकात उठवली आणि १८८२ मध्ये उरलीसुरलीही गेली. आमचा जाडाभरडा मालच तेवढा विलायतीपुढे कसाबसा तग धरत होता, नेमकी त्याचीच आडभिंत आधी पाडली गेली.

त्याआधी १८७६ चा दुष्काळ येऊन गेला होता. पाऊस गेला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर, विजापूर हा सगळा पट्टा होरपळला. दुष्काळात धान्याचा बाजार तेजीत असतो आणि बाकी सगळ्या बाजारावर प्रेतकळा येते, कारण हाती येईल तो पैसा दाण्यावर जातो. नवे लुगडे, नवे भांडे कोण घेणार? सोलापूरकडच्या विणकरांचे माग थांबले. सभेने गावोगाव माणसे पाठवून दुष्काळाच्या हकिगती जमवल्या आणि सरकारपुढे ठेवल्या. सर रिचर्ड टेंपलने मजुरी घटवून ती रोजच्या एक पौंड धान्यावर बेतली, तेव्हा दुष्काळी कामांवरचे हजारो मजूर कामे सोडून निघाले. त्यांची बाजूही सभेने लावून धरली. उपाशी पोटांनी केलेला हा संप तेव्हा फार कमी लोकांना समजला.

असा दुष्काळ चालू असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला मोठा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा तो सोहळा. राजेरजवाडे जडजवाहिराने लखलखत होते आणि त्यांच्यात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका खादीच्या पोशाखात गेले. सभेचे मानपत्र त्यांनी सादर केले. त्यात अभिनंदनाबरोबर या देशाच्या लोकांना ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावेत ही मागणी होती. बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी याच दरबाराला वार्ताहर म्हणून हजर होते. संस्थानिकांना एकत्र आणता येते तर लोकांच्या प्रतिनिधींना का नाही, हा विचार त्यांच्या मनात तेथेच आला.

पुण्यात काकांनी आणखी एक दुकान मांडले होते, पण त्यात विकायला काही नव्हते. ते म्हणजे लवाद कोर्ट. कर्जाचे आणि व्यवहाराचे तंटे सरकारी कोर्टात नेऊन स्टँप आणि वकिलाच्या फीत दोघांनीही बुडण्यापेक्षा पंचांपुढे मिटवावेत, अशी ही कल्पना. ती एका चालत्या वकिलाने काढावी हे विशेष. आपल्याच धंद्यावर कुऱ्हाड मारणारे वकील तेव्हाही विरळाच होते. घरीही काका एकटे नव्हते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यातल्या बायकांसाठी स्त्री विचारवती सभा चालवली.

१८७९ हे साल पुण्याला जड गेले. वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड उभारले. रानड्यांच्या व्याख्यानांनी आणि काकांच्या स्वदेशीने ज्यांची मने पेटली त्यांत फडकेही होते. त्यांनी वाट मात्र निराळी धरली. मे महिन्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आगीत सापडले, सरकारचा संशय पुण्याच्या पुढाऱ्यांवर वळला आणि रानड्यांची धुळ्यास बदली झाली. जुलैत फडके पकडले गेले. त्यांचे वकीलपत्र घ्यायला मोठमोठे कचरत असताना काका उभे राहिले. आयुष्यभर अर्जविनंत्यांच्या मार्गाने चाललेला हा माणूस शस्त्र उचललेल्या माणसाच्या बाजूने कोर्टात बोलला. फडक्यांना जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला पाठवण्यात आले. त्याच वर्षी सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. कुळाला थोडा आधार मिळाला, पण काही सावकारांनी हात आखडता घेतला आणि नडीच्या वेळी उधार मिळणे अवघड झाले.

काका हृदयविकाराने २५ जुलै १८८० रोजी गेले. वय अवघे बावन्न. त्यांच्या मागे सार्वजनिक सभा राहिली, सभेचे त्रैमासिक राहिले, आणि पुढे रानड्यांनी यंत्राशिवाय देशी धंदा तगणार नाही हे ओळखून १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषदेचा उद्योग आरंभला. काकांच्या दुकानांतून जे शिकायचे होते ते रानडे शिकले होते. वंगभंगाच्या चळवळीनंतर, १९०६ मध्ये, मुंबईत लोकमान्यांच्या पुढाकाराने स्वदेशी मालाचे मोठे सहकारी भांडार निघाले. त्याच्या मागे भांडवल होते, देशी गिरण्यांचे कापड होते आणि विलायती मालावर रुसलेले गिऱ्हाईक होते. काकांच्या दुकानांना यातले काहीच मिळाले नव्हते.