एका पैचा हिशेब



दत्तजयंतीच्या सप्ताहात रोज तिन्हीसांजेला आपण दत्ताची जी आरती म्हणतो ती संत एकनाथ महाराजांची. लहानपणी मला एवढंही ठाऊक नव्हतं. शेवटच्या कडव्यात ‘एका जनार्दनी’ आलं की मला वाटायचं, जनार्दन नावाचा कोणी एक माणूस असेल. पुढे कळलं की ती दोन नावं आहेत, एक शिष्याचं आणि एक गुरूचं. नाथ आपल्या नावाला गुरूंचं नाव जोडूनच सही करत. मी जन्मभर बँकेत लोकांच्या सह्या तपासल्या, पण अशी सही काही माझ्या काउंटरवर आली नाही.

मी प्रवचनकार नाही. बी. कॉम. झालो, कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो. तेव्हा भाविक वाचकहो, नाथांचं चरित्र मी सांगणार ते कारकुनाच्या नजरेनं. गोड मानून घ्यावं.

आपल्या हिंगोली जिल्ह्याला संतांचं कौतुक नवं नाही. नामदेवरायांची नरसी आपली, विसोबा खेचरांनी त्यांना जिथे देव दाखवला ते औंढा नागनाथही आपलंच. पैठण जरा लांब, पण आपली पूर्णा पुढे जाऊन मिळते ती गोदावरीलाच. त्या गोदावरीच्या काठी सुमारे १५३३ साली नाथांचा जन्म झाला. विजयनगरहून पंढरीची मूर्ती परत आणणारे भानुदास ते त्यांचे पणजोबा. आई रुक्मिणी आणि वडील सूर्यनारायण, दोघंही लेकरू लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणींनी नातवाला वाढवलं. बाराव्या वर्षी हे पोर घरात न सांगता निघालं आणि देवगडला, म्हणजे आजच्या दौलताबादला, जनार्दनस्वामींच्या दारात जाऊन उभं राहिलं.

हे जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे. निजामशाहीत देवगडचे किल्लेदार होते आणि थोर दत्तभक्त होते. दोन्ही एकाच वेळी, बरं का! देवासाठी नोकरी सोडली नाही आणि नोकरीसाठी देव सोडला नाही. सांगतात की दत्ताचा वार म्हणून गुरुवारी किल्ल्यावर कामाला सुट्टी असे. बाकीचे दिवस मात्र तलवार, शिबंदी, वसुली आणि जमाखर्च. गुरूंनी या नव्या शिष्याच्या हाती आधी पोथी दिली नाही. घरची सेवा दिली आणि मग हिशेबाच्या वह्या दिल्या.

एके दिवशी वह्या तपासताना एका पैचा मेळ बसेना. सकाळी हिशेब द्यायचा होता. दुसरा कोणी असता तर पदरची पै घालून झोपला असता. नाथ दिवा लावून बसले. वात सरली की पुन्हा घातली, तेल संपलं की पुन्हा ओतलं. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. त्या टाळीने स्वामी जागे झाले. किल्ल्यात एवढी दौलत असताना एका पैसाठी रात्रभर जागलेला पोरगा त्यांनी बघितला. तेव्हा त्यांनी समजावलं की एका पैची चूक सापडून एवढा आनंद होतो, मग संसाराच्या मोठ्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल, हेच चित्त तिकडे लाव.

कीर्तनात ही गोष्ट सांगताना बुवा या उपदेशावर येतात आणि पुढे जातात. मला मात्र त्या दिव्यापाशी थांबावं लागतं. कारण सांगतो.

आमच्या वेळी बँकेत संगणक नव्हते. दर सहामाहीला बचत खात्यांची लेजरं जुळवायची असत. एकेका खात्याची शिल्लक मोठ्या वहीत उतरवायची, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी जुळली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं, माझ्या लेजरात तीनशे रुपये कमी भरले. तीन दिवस शोधलं. चौथ्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते. मी एका बंद पडल्यासारख्या खात्याची शिल्लक वहीत तीनशेने वाढवून लिहिली. बेरीज जुळली. खाली माझी सही झाली.

पुढे पावसाळ्यात एक म्हातारी माय भिजून लगदा झालेलं पासबुक घेऊन आली. मी लेजर बघून नवं पासबुक करून दिलं. नातवाकडून वाचून घेऊन ती परत आली. शेळी विकून तीनशे भरले होते, ते यात नाहीत म्हणाली. मी तिला ऐकवलं की लेजर खोटं बोलत नसतं. ती गप्प निघून गेली.

संध्याकाळी सायकलवर घरी जाताना तो तीनशेचा आकडा आठवला. पुढच्या दोन रात्री जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे सोडून बसलो. तिची भरणा पावती सापडली. पैसे जमा झाले होते, तिच्या खात्यावर चढवायचे मीच विसरलो होतो. नाथांनी टाळी वाजवली, माझे मात्र हात गार पडले. रक्कम रीतसर खात्यावर चढवली. बाजाराच्या दिवशी माय आली तेव्हा मी सांगितलं की ऑफिसकडून नजरचूक झाली होती. ‘माझ्याकडून’ हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. तिने माझ्या गालावरून हात फिरवून दृष्ट काढली. हे मी आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लिहितो आहे.

असो. पुढे गुरूंनी नाथांना जवळच्या शूलभंजन डोंगरावर साधनेला बसवलं. दत्तप्रभूंचं दर्शन मलंगाच्या वेशात झालं आणि नाथांनी आधी ओळखलं नाही, ही कथा आपणा सर्वांना पाठ आहे. मग तीर्थयात्रा झाली, पैठणला परतले आणि गुरूंच्या आज्ञेनं गिरिजाबाईंशी लग्न करून संसाराला लागले.

त्या संसारात नाथांनी जे केलं ते साध्या माणसाला झेपणारं नाही, पण समजणारं आहे. घरी श्राद्ध होतं. स्वयंपाकाचा वास वाड्याबाहेर गेला आणि रस्त्यानं जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या कुटुंबातल्या लेकरांना भूक आवरेना. नाथांनी त्यांना घरात बोलावून श्राद्धाचं अन्न पोटभर जेवू घातलं. ब्राह्मणांसाठी पुन्हा नवा स्वयंपाक केला, तरी ते रुसले ते रुसलेच. शेवटी पितर स्वतः येऊन जेवले असं सांगतात. चमत्कार मोठाच. मला त्याआधीचा क्षण मोठा वाटतो. दार लोटून घेतलं असतं तर नाथांना कोणीही काही विचारणार नव्हतं.

काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ती गोष्ट लेकरांनाही माहीत आहे. गोदावरीतून स्नान करून येताना एक माणूस पुन्हा पुन्हा अंगावर थुंकला आणि नाथ तितक्यांदा शांतपणे नदीवर परत गेले, तीही. घरातच मुलगा हरिपंडित विरोधात उभा राहिला. मराठीत पुराण सांगणं त्याला पटेना. रुसून तो काशीला गेला. बाहेरचा त्रास सोसणं एक वेळ जमतं, पोटच्या पोरानं तोंड फिरवलं की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

मराठीचा वाद तर काशीपर्यंत गेला होता. भागवताच्या एकादश स्कंधावर नाथ मराठीत टीका लिहितात म्हणून तिथल्या पंडितांनी त्यांना जाब विचारला. नाथ लपले नाहीत. तिथे जाऊन राहिले आणि १५७३ साली ‘एकनाथी भागवत’ काशीतच पुरं केलं. एकतीस अध्याय, अठरा हजारांवर ओव्या. पंडितांनीच मग ग्रंथाचा सन्मान केला असं सांगतात.

पण माझ्या दृष्टीनं नाथांची खरी जुळणी पुढेच आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीला तीनशे वर्षं होत आली होती. ज्ञानेश्वरीच्या नकला हातोहात उतरत गेल्या आणि प्रत्येक नक्कल करणाऱ्याची थोडी चूक, थोडी पदरची भर त्यात शिरली. आळंदीहून आल्यावर नाथांनी जुन्या प्रती जमवल्या, ओवीला ओवी लावून बघितली आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली. नाथ स्वतः केवढे कवी! चार ओव्या आपल्या घातल्या असत्या तर कोणाला पत्ता लागला नसता. त्यांनी घातल्या नाहीत. उलट पुढे कोणी तसं करू नये म्हणून शेवटी बजावून ठेवलं. देवगडच्या दिव्यापाशी शिकलेला कारकून म्हातारपणीही तेच काम करत होता, असं मला वाटतं.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींची पुण्यतिथीही याच षष्ठीची.

निवृत्तीनंतर मी एका नाथषष्ठीला पैठणला गेलो. नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे, देवानं श्रीखंड्या होऊन पाणी भरलेला. तुकाराम बीजेपासून भाविक त्यात गोदावरीचं पाणी ओततात. श्रीखंड्याची घागर पडली की रांजण भरून वाहतो अशी श्रद्धा आहे. मी नदीवरून दोन घागरी आणल्या. एक घरच्यांच्या नावानं ओतली, दुसरी त्या मायच्या. ओतताना, चूक माझी होती, एवढं पुटपुटलो. रांजण तेव्हा भरलेला नव्हता. मागे रांग मोठी होती, सेवेकऱ्यांनी पुढे सरकायला सांगितलं, मग मी बाहेर आलो.