रमाबाई रानडे : घरातच भरलेली शाळा



मराठीचा वर्ग सुटला की घरी जाताना गाडीत पुढे आई-बाबांच्या गप्पा चालतात आणि मागे तुम्ही कंटाळता. नवरा-बायको एकमेकांशी बोलतात, यात काय विशेष? पण दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी घरात वडीलधाऱ्यांसमोर सुनेने नवऱ्याशी बोलणे शोभत नसे. नवराही बायकोचे नाव न घेता 'आमचे कुटुंब' म्हणे! अशा काळातल्या एका बाईंची ही गोष्ट.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, त्यामुळे अक्षरओळखही नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. ते एकतीस वर्षांचे होते. पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, त्यामुळे ते एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली. लोकांनी त्यांना खूप नावे ठेवली. मला वाटते, ती टीका अगदीच चुकीची नव्हती.

मात्र लग्नानंतर त्यांनी लगेच पत्नीला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. दिवसभर घरकाम आणि रात्री अभ्यास. हे घरातल्या बायकांना मुळीच आवडत नव्हते. टोमणे, अबोला, चेष्टा रोजचीच. रानडे घरात कोणाला दुखवत नसत. उलट उत्तर देऊ नकोस, सोस आणि अभ्यास सोडू नकोस, एवढेच ते पत्नीला सांगत. म्हणजे सुधारणा दोघांची, पण तिची किंमत जास्त करून रमाबाईंनी मोजली.

त्या टोमणे मारणाऱ्या बायकाही दुष्ट नव्हत्या, हे लक्षात ठेवा. त्या काळी बऱ्याच घरांत लहानपणीच विधवा झालेल्या बायका असत. त्यांना कोणी पाटी-पेन्सिल दिली नव्हती. नवऱ्याशेजारी बसून वाचणारी सून बघून त्यांना काय वाटत असेल?

पुढे रमाबाई सभांमध्ये भाषणे करू लागल्या. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल (आजची हुजूरपागा) सुरू झाले, त्या कामातही त्या होत्या. १९०१ साली रानडे वारले तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवेने घराच्या कोपऱ्यात बसायचे. रमाबाई मात्र बाहेर पडल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. मुंबईत आणि १९०९ पासून पुण्यात 'सेवासदन'चे काम त्यांनी उभे केले. तिथे बायका शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. त्यांत विधवाही होत्या. ज्यांना पूर्वी कोणी पाटी दिली नव्हती, त्यांच्याच हाती रमाबाईंनी पुस्तक दिले. मला तर त्यांच्या आयुष्यातली हीच सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

१९१० साली त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिले. एका मराठी बाईने आपल्या संसाराबद्दल इतके मोकळेपणी लिहिणे तेव्हा नवीनच होते. १९२४ साली त्या वारल्या. २०१२ साली सुरू झालेली 'उंच माझा झोका' ही मालिका त्यांच्यावरच होती, काही पालकांना आठवत असेल.

आम्हा संगणकवाल्यांना एक सवय असते. चालू असलेल्या प्रोग्रॅमला कोणी हात लावत नाही. घराचेही तसेच. 'पूर्वीपासून असेच आहे' म्हटले की प्रश्न संपतो. पण आपले घर 'पूर्वीपासून' असे नव्हते. कोणीतरी ते हळूहळू, बोलणी खाऊन बदलले.

या सुट्टीत भारतात गेलात किंवा फोन केलात, की आजीला एक प्रश्न विचारा : तुझ्या आजीला वाचता येत होते का? तिला कोणी शिकवले? उत्तर मराठीत पाच ओळी लिहून पुढच्या वर्गाला आणा. आणि पालकहो, जेवणानंतर ताटे कोण उचलते, तेही जरा बघा!