जॉर्ज सायमन ओहम

जर्मनीतील एर्लांगेन या शहरी कुलपे बनविणारा एक कारागीर राहत असे. त्याचे नाव योहान ओहम. त्याला शाळेचे शिक्षण फारसे लाभले नव्हते. परंतु विद्येची ओढ मोठी. दिवसा कानस चालवावी आणि उरल्या वेळात गणिताचे व विज्ञानाचे ग्रंथ वाचावेत, असा त्याचा क्रम होता. याच घरात १६ मार्च १७८९ रोजी जॉर्जचा जन्म झाला. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. बापाने मात्र जॉर्जला व त्याचा धाकटा भाऊ मार्टिन याला स्वतः शिकविले, आणि असे शिकविले की पुढे दोघेही विद्वान म्हणून नावारूपास आले.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात दाखल झाला. तेथे तो अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड्‌स आणि बर्फावरून घसरण्याचा खेळ यांतच अधिक रमला. पोटाला चिमटा घेऊन शिकविणाऱ्या बापाला हे कसे रुचावे? त्याने मुलाचे शिक्षण थांबविले. सतराव्या वर्षी जॉर्ज स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागला. तेथे त्याने थोर गणितज्ञांचे ग्रंथ एकट्याने अभ्यासिले आणि १८११ साली एर्लांगेनला परत येऊन डॉक्टरची पदवी मिळविली.

यानंतर पुष्कळ वर्षे शिक्षकाच्या अपुऱ्या पगारावर गेली. १८१७ मध्ये कोलोन येथील शाळेत त्याची नेमणूक झाली. या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. तारेतून वाहणाऱ्या विजेचे कोडे त्याने येथेच हाती घेतले. तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते, हे १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखविले होते. पण तारेची लांबी वाढविली तर प्रवाह किती कमी होतो, याचा नियम कोणी प्रसिद्ध केलेला नव्हता.

ओहमने निरनिराळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग केले आणि १८२५ मध्ये आपला नियम छापून टाकला. तो चुकीचा होता! त्याने वापरलेल्या विजेच्या घटाचा जोर प्रयोग चालू असतानाच बदलत असे. प्रवाह तारेमुळे कमी झाला की घट थकल्यामुळे, हे ओळखावे कसे? छापलेली चूक मान्य करणे कोणासही सोपे नसते. ओहमने ती मान्य केली आणि पुन्हा आरंभापासून काम सुरू केले.

या वेळी पोगेनडॉर्फ नावाच्या एका संपादकाने त्याला मोलाची सूचना केली. तांबे व बिस्मथ या दोन धातूंचे सांधे जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, तर वीज वाहते. तिचा उपयोग करावा, अशी ती सूचना होती. ओहमने एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. उकळते पाणी आणि बर्फ यांचे तापमान ढळत नाही, म्हणून विजेचा जोरही ढळेना. मग एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने घेतल्या. सर्वांत आखूड तार दोन इंचांची, सर्वांत लांब एकशे तीस इंचांची. प्रवाहाने वळलेली चुंबकसूची जागेवर आणण्यास तिची पट्टी किती पिळावी लागते, यावरून तो प्रवाह मोजी. धातूचे असे नाजूक काम तो बापाच्या हाताखाली शिकला होता. तारेच्या लांबीत उरलेल्या उपकरणाचा ठरावीक अडथळा मिळविला, की हिशेब चोख जुळे. एकूण अडथळा दुप्पट, तर प्रवाह निम्मा!

या अडथळ्याला रोध म्हणतात. विजेच्या दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. समजा, २३० व्होल्ट दाबावर एका इस्त्रीतून ५ अँपिअर प्रवाह जातो. तर तिचा रोध ४६ ओहम होय. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला तर शक्ती मिळते. येथे ती ११५० वॅट भरते. मात्र विजेने तार किती तापते याचा नियम ओहमचा नव्हे; तो जूलने १८४१ मध्ये प्रसिद्ध केला.

१८२७ मध्ये ओहमचा ग्रंथ बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. या ग्रंथामुळे विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्याला आशा होती. पण अनेकांनी त्याकडे पाठ फिरविली, काहींनी कठोर टीका केली. दोष केवळ टीकाकारांचा नव्हता. ग्रंथात गणित इतके होते, की प्रयोग करणाऱ्यांनाही तो अवघड वाटे. निराश होऊन ओहमने १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पाच वर्षे बर्लिनमध्ये थोड्या तासांच्या शिकवणीवर त्याने कशीबशी गुजराण केली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात त्याला जागा मिळाली.

खरा मान परदेशातून आला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. मग मायदेशीही त्याची चहा होऊ लागली. परंतु म्यूनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद मिळण्यास १८५२ साल उजाडले. तेव्हा ओहम त्रेसष्ट वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, तो निवर्तला.

१८८१ मध्ये पॅरिस येथे विजेची मापे ठरविण्यासाठी अनेक देशांचे शास्त्रज्ञ जमले. दाबाच्या मापाला त्यांनी व्होल्ट आणि प्रवाहाच्या मापाला अँपिअर हे नाव दिले. आणि रोधाच्या मापाला ओहम.