तीस रेषांचा माणूस

परवाचीच गोष्ट. मॅचच्या शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या होत्या आणि आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममधला टीव्ही अचानक बंद पडला. पुढची दहा मिनिटं जो गोंधळ झाला तो विचारू नका! कोणी केबल हलवतंय, कोणी रिमोटचे सेल काढून पुन्हा घालतंय, कोणी टीव्हीच्या पाठीत धपाटे घालतंय. शेवटी सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या. का, तर मी ई अँड टीसीची! आता काय सांगणार? टीव्ही आतून कसा चालतो हे मला परीक्षेत पाच मार्कांपुरतं येतं, त्यापुढे नाही. उरलेली मॅच एकीच्या मोबाईलवर वीसजणींनी मिळून पाहिली.

त्या रात्री उगाचच डोक्यात आलं, हे यंत्र पहिल्यांदा चालू तरी कोणी केलं असेल? लायब्ररीतल्या टेलिव्हिजनच्या एका जुन्या पुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम चार ओळी होत्या. नाव जॉन लोगी बेअर्ड, देश स्कॉटलंड, पद्धत मेकॅनिकल, आणि पुढे ती पद्धत मागे पडली. बस्स! सीनियर्स म्हणाल्या, हे ऑप्शनला टाक, पेपरला येत नाही. पण नेमका त्याच आठवड्यात आमचा रिझल्ट लागला होता आणि एम-थ्रीला माझा बॅक राहिला होता. त्यामुळे असा ऑप्शनला टाकलेला माणूस मला जरा जास्तच जवळचा वाटला. मग शोधून शोधून वाचलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठीत एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला क्लाइड नदी समुद्राला मिळते, तिथल्या खाडीच्या उत्तर काठावर हेलेन्सबरा नावाचं छोटंसं गाव आहे. १७७६ साली वसलेलं. ज्या जमीनदाराने ते वसवलं त्याने आपल्या बायकोचं, म्हणजे हेलनचं नाव गावाला दिलं. समोरच्या काठावर ग्रीनॉक, जिथे वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट जन्मला. आणि याच हेलेन्सबरात राहणाऱ्या हेन्री बेलने १८१२ साली ‘कॉमेट’ नावाची वाफेवर चालणारी बोट क्लाइडवर सुरू केली. पैसे घेऊन प्रवासी नेणारी युरोपातली ती पहिली आगबोट. थोडक्यात काय, इंजिनीअरिंग तिथल्या पाण्यातच होतं!

अशा गावात १३ ऑगस्ट १८८८ रोजी बेअर्डचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू, चार भावंडांत हा सगळ्यात धाकटा. लहानपणी मोठं आजारपण झालं आणि तेव्हापासून तब्येत कायमची नाजूक. सर्दी, खोकला, ताप हे आयुष्यभराचे सोबती. पण डोकं मात्र स्वस्थ बसू देईना. शाळेत असतानाच त्याने आपल्या घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज बनवलं. एका वादळी रात्री त्यातली एक तार खाली लोंबली आणि रस्त्याने जाणारा घोडागाडीवाला तिच्यात अडकून खाली पडला. झालं, एक्स्चेंज बंद! मग त्याने घरात विजेचे दिवे लावले. मग मित्राबरोबर ग्लायडर बनवून छपरावरून उडायचा प्रयत्न केला. ग्लायडर मोडलं, तो वाचला. आपल्याकडे असा मुलगा असता तर आईने काय केलं असतं, याची कल्पना केलेली बरी.

पुढे ग्लासगोच्या टेक्निकल कॉलेजात त्याने इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग घेतलं. आता हॉस्टेलवाल्यांनो, नीट ऐका. आजारपणांमुळे हा कोर्स पुरा करायला त्याला आठ वर्षं लागली! मधे मधे कारखान्यात उमेदवारी करावी लागायची, तिथली थंडी आणि राबणं त्याच्या शरीराला झेपायचं नाही. डिप्लोमा मिळाला. त्यानंतर ग्लासगो युनिव्हर्सिटीत डिग्रीला गेला, तर पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि डिग्री अर्धवट राहिली ती राहिलीच. सैन्यात घ्या म्हणून गेला, तर डॉक्टरांनी अनफिट ठरवलं.

मग वीज कंपनीत नोकरी धरली. तिथे याला वाटलं, कार्बनमधून प्रचंड करंट सोडला तर हिरा होईल. प्रयोग केला. हिरा झाला नाही, पण ग्लासगोच्या एका भागाची वीज गेली! त्यानंतरची काही वर्षं म्हणजे धंद्यांची जत्राच. पाय सतत गार पडायचे म्हणून औषधी पावडर लावलेले मोजे काढले, ते चांगले खपले. मग १९१९ साली थेट वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला जाऊन जॅम करायला घेतला. उकळत्या साखरेवर तिथल्या किड्यांच्या झुंडीच्या झुंडी तुटून पडल्या. परत लंडनला येऊन साबण विकला. गंजणार नाही असा काचेचा वस्तरा बनवला, तो फुटला. हवेच्या फुग्यांवर चालणारे बूट बनवले, फुगे फुटले. तब्येत तर पार ढासळली. १९२३ च्या सुमारास हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावी हवापालटासाठी येऊन राहिला. वय चौतीस, नोकरी नाही, धंदा नाही, बँकेत फारसं काही नाही.

आणि इथे त्याने ठरवलं, की आपण टेलिव्हिजन करायचा.

कल्पना त्याची नव्हती, हे आधी सांगायला हवं. १८८४ साली बर्लिनमध्ये पॉल निपकोव्ह नावाच्या विद्यार्थ्याने एका तबकडीचं पेटंट मागितलं होतं. तबकडीवर गोगलगाईच्या शंखासारखी वळत आत जाणारी भोकांची रांग. तबकडी फिरली की प्रत्येक भोक चित्रावरून एक रेष ओढल्यासारखं सरकतं. पहिलं भोक पहिली रेष, दुसरं भोक तिच्या खालची, असं करत एका फेऱ्यात आख्खं चित्र वाचून होतं, जसं आपण पान ओळीओळीने वाचतो. भोकामागे प्रकाशाचा करंट करणारा फोटोसेल. तो करंट दुसरीकडे पाठवायचा, तिथे दिव्यासमोर तशीच तबकडी अगदी त्याच वेगाने फिरवायची, की चित्र पुन्हा उभं राहतं. कागदावर सोपं! पण निपकोव्हने स्वतः हे यंत्र कधी केलं नाही. पुढच्या चाळीस वर्षांत कोणालाही त्यातून माणसाचा ओळखू येणारा चेहरा दाखवता आला नाही. फोटोसेलचा सिग्नल इतका क्षीण असायचा, की तो वाढवणार कसा हाच प्रश्न होता.

बेअर्डकडे लॅब नव्हती. त्याने चहाचं खोकं, टोप्या ठेवायचा डबा, रफू करायच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं, लाख आणि सरस एवढ्यावर भाड्याच्या खोलीत यंत्र उभं केलं. एका क्रॉसची सावली काही फुटांवर पाठवून दाखवली. १९२४ मध्ये हजार व्होल्टचा झटका बसला. नशिबाने हात भाजण्यावर निभावलं, पण घरमालकाने जागा सोडायला सांगितली. (घरमालक सगळीकडे सारखेच!)

मग लंडनच्या सोहो भागात, २२ फ्रिथ स्ट्रीट इथे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पैशांसाठी १९२५ च्या मार्चमध्ये सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर तीन आठवडे प्रयोग करून दाखवले. पण त्या नुसत्या सावल्याच. चेहरा काही उमटेना. माणूस बसवायचा तर दिवे एवढे प्रखर, की भाजून निघेल. म्हणून त्याने बोलक्या बाहुल्यांच्या खेळातलं एक डोकं आणलं आणि ते यंत्रासमोर ठेवलं. त्या बाहुल्याला तो स्टूकी बिल म्हणायचा.

२ ऑक्टोबर १९२५. पलीकडच्या छोट्याशा पडद्यावर पहिल्यांदाच सावलीऐवजी चेहरा दिसला! नाक, डोळे, उजेड, अंधार, सगळ्या छटांसकट. रेषा फक्त तीस, पण चेहरा होता. बेअर्ड धावतच खाली गेला आणि खालच्या ऑफिसात काम करणाऱ्या विल्यम टेंटन नावाच्या पोऱ्याला वर घेऊन आला. त्याला यंत्रापुढे बसवलं आणि स्वतः पडद्याकडे गेला, तर पडदा कोरा. दिव्यांच्या उष्णतेने घाबरून पोऱ्या बाजूला झाला होता! त्याच्या हातावर अर्धा क्राउन ठेवून परत बसवलं, तेव्हा कुठे चित्र आलं. टीव्हीवर दिसलेला हा पहिला माणूस. वय वर्षं वीस, म्हणजे माझ्याच वयाचा.

नंतर २६ जानेवारी १९२६ ला रॉयल इन्स्टिट्यूशनचे सुमारे चाळीस सदस्य त्या अरुंद जिन्याने वर चढले आणि त्यांनी आपल्या डोळ्यांनी टेलिव्हिजन पाहिला. योगायोग बघा, एक गांधी जयंती आणि एक प्रजासत्ताक दिन! (तेव्हा अर्थातच प्रजासत्ताक दिन नव्हता.) आणि आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही २ ऑक्टोबरलाच, १९७२ साली.

पुढे घोडदौड सुरू झाली. १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडन ते ग्लासगो, ४३८ मैल चित्र गेलं. १९२८ च्या फेब्रुवारीत अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळ. त्याच वर्षी रंगीत चित्रही. १९२९ च्या सप्टेंबरात बीबीसीच्या ट्रान्समीटरवरून प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. एकच ट्रान्समीटर असल्यामुळे आधी चित्र दाखवायचे आणि मग आवाज ऐकवायचे. गंमत म्हणजे बीबीसीचा प्रमुख जॉन रीथ हा त्याच्याच टेक्निकल कॉलेजातला. पण जुन्या ओळखीचा काही उपयोग झाला नाही, रीथला टेलिव्हिजनमध्ये फारसा रस नव्हता.

आता गोष्टीतला अवघड भाग. तबकडीला मर्यादा होती. चित्र बारीक हवं तर रेषा जास्त हव्यात, म्हणजे भोकं जास्त आणि लहान. भोक लहान केलं की प्रकाश कमी येतो, तबकडी मोठी केली की ती वेगात फिरवणं कठीण. इलेक्ट्रॉनला मात्र वजन जवळपास नाहीच, त्याची शलाका कितीही वेगाने इकडून तिकडे नेता येते. अमेरिकेत फार्न्सवर्थ आणि झ्वोरिकिन, जपानमध्ये ताकायानागी त्याच रस्त्याने चालले होते. इंग्लंडमध्ये मार्कोनी-ईएमआय कंपनीची मोठी टीम कामाला लागली होती.

नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टीव्ही सुरू केला आणि दोघांना आलटूनपालटून संधी दिली. बेअर्डच्या कंपनीच्या २४० रेषा, ईएमआयच्या ४०५. बेअर्डच्या पद्धतीत स्टुडिओतला कार्यक्रम आधी फिल्मवर घ्यायचा, ती ओली फिल्म मिनिटभरात धुवायची आणि मग स्कॅन करायची. कॅमेरा जागचा हलायचा नाही. ईएमआयचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा हवा तिकडे फिरायचा. त्यातच ३० नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला प्रचंड आग लागली आणि तिथली बेअर्डच्या कंपनीची लॅब जळाली. फेब्रुवारी १९३७ मध्ये बीबीसीने निकाल दिला, ईएमआय पास. ज्याने टेलिव्हिजन दाखवला त्याचाच टेलिव्हिजन बंद!

आमच्या पुस्तकातल्या चार ओळी इथे संपतात. पण बेअर्ड इथे संपला नाही, आणि मला सांगायचंय ते हेच. आपलं हरलेलं यंत्र कवटाळून तो बसला नाही. ज्या इलेक्ट्रॉनिक नळीने त्याला हरवलं, तिच्यावरच तो काम करायला लागला. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू होताच टीव्ही बंद झाला आणि कंपनी बुडाली. तरी स्वतःच्या खिशातून मदतनिसांचे पगार देत, बॉम्ब पडणाऱ्या लंडनमध्ये त्याने १९४४ साली ‘टेलिक्रोम’ ही रंगीत चित्राची एकसंध नळी दाखवली. त्यात एकही फिरणारी तबकडी नव्हती. युद्धानंतर देशात हजार रेषांचा रंगीत टीव्ही आणा, असं तो सरकारी समितीला सांगत होता. हजार! आज आपण ज्याला फुल एचडी म्हणतो त्याच्या रेषा १०८०.

७ जून १९४६ ला बीबीसीचा टीव्ही पुन्हा सुरू झाला आणि एका आठवड्याने, १४ जूनला, बेअर्ड गेला. वय फक्त ५७. त्याला हेलेन्सबराला आईवडिलांजवळ पुरलं.

एक शेवटची गोष्ट, खास आमच्या ब्रँचसाठी. १९२७-२८ मध्ये त्याने टीव्हीचा सिग्नल ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भरून ठेवला होता. चित्र काही त्याला नीट परत मिळालं नाही आणि प्रयोग बाजूला पडला. १९८० च्या दशकात एका इंजिनीअरने तो सिग्नल कॉम्प्युटरवर घेतला, त्यातले दोष दुरुस्त केले, आणि त्यातून स्टूकी बिलचा चेहरा बाहेर आला! म्हणजे ‘फेल’ म्हणून ठेवून दिलेला प्रयोग अर्ध्या शतकानंतर पास झाला.

खरं सांगू? बेअर्डची गोष्ट वाचून माझा बॅक काही निघणार नाही. त्यासाठी एम-थ्रीच करावं लागेल. पण आठ वर्षांचा कोर्स, विझलेलं शहर, किडे पडलेला जॅम आणि फुटलेला वस्तरा यांच्यानंतर एका माणसाने चहाच्या खोक्यात टेलिव्हिजन केला, आणि तोही हरल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसला, हे माहीत असलं की रात्री अकराला पुस्तक उघडायला थोडं बरं वाटतं.

बाकी कॉमन रूमचा टीव्ही आता सुरू झालाय. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन काका आले, त्यांनी पाठीमागचा प्लग नीट खोचला आणि गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, हे त्यांचे उपकार!