पायात सँडल आणि हातात इंटरनेटचं रजिस्टर : कोण होते जॉन पोस्टेल?

तुमच्या मोबाईलमधलं ॲप कॉटलिनमध्ये लिहिलेलं असतं. ते ज्या सर्व्हरकडे माहिती मागतं, तिथला प्रोग्रॅम जावामध्ये असतो. दोन्ही लिहिणारे लोक आयुष्यात कधी एकमेकांना भेटलेले नसतात. तरी ॲपने काय मागितलं ते सर्व्हरला कळतं आणि सेकंदाच्या आत उत्तर येतं.

कसं काय? तर निरोप कोणत्या स्वरूपात पाठवायचा, कोणत्या दारावर टकटक करायची, उत्तर आलंच नाही तर काय करायचं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. या नियमांना म्हणतात प्रोटोकॉल. इंटरनेटच्या पहिल्या तीसेक वर्षांत हे नियम लिहिण्याचं, तपासण्याचं आणि जपण्याचं मोठं काम एका माणसाने केलं. लांब दाढी, पायात सँडल. नाव जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेनाचा. व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये शिकले. गंमत म्हणजे पुढे इंटरनेट घडवणारे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे. तिघेही नंतर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात एकत्र आले.

तिथेच १९६९ मध्ये अर्पानेट हे नेटवर्क सुरू झालं. एका टोकाला यूसीएलएचा सिग्मा ७ कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधला एसडीएस ९४०. दोन्ही एकाच कंपनीचे, पण एक ३२ बिटांच्या हिशोबात चालणारा आणि दुसरा २४ बिटांच्या. म्हणजे आज वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मना जोडताना जी डोकेदुखी होते, ती अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे.

यावर या पोरांनी काढलेला उपाय साधा होता. जे ठरेल ते लिहून काढायचं, त्याला क्रमांक द्यायचा आणि सगळ्यांना वाचायला द्यायचं. या कागदांना नाव पडलं आरएफसी. पहिली आरएफसी क्रॉकर यांनी लिहिली. लवकरच या मालिकेचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत केलं.

१९८१ मध्ये त्यांच्या संपादनाखाली आयपी आणि टीसीपीचे नियम प्रसिद्ध झाले. मूळ कल्पना सर्फ आणि बॉब कान यांची. १ जानेवारी १९८३ ला अख्खं अर्पानेट याच नियमांवर आलं. ईमेल पाठवण्याचा एसएमटीपी हा प्रोटोकॉल तर १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच लिहिला.

त्यांचं एक तत्त्व आजही प्रोग्रॅमर्सच्या तोंडी असतं. तुमचा प्रोग्रॅम बाहेर जे पाठवेल ते नियमाला धरून काटेकोर असावं. समोरून येईल त्यात मात्र थोडं इकडेतिकडे असलं तरी समजून घ्यावं. या दिलदारीमुळेच वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले अर्धेकच्चे प्रोग्रॅम एकमेकांशी जुळत गेले.

पण याचा तोटाही आहे. समोरच्याने चूक खपवून घेतली की ती कुणी दुरुस्तच करत नाही. मग पुढच्या प्रत्येकाला तीच चूक सांभाळून घ्यावी लागते. २०२३ च्या एका आरएफसीमध्ये नेमका हाच धोका मांडलाय. आम्हाला विचाराल तर, नेटवर्क उभं राहत असताना पोस्टेल बरोबर होते. आजच्या इंजिनिअर्सची तक्रारही बरोबर आहे.

दुसरं काम क्रमांकांचं. एकाच मशीनवर अनेक सेवा चालतात, मग कोणत्या सेवेला कोणतं दार? १९७२ मध्ये पोस्टेल यांनी लिहिलं की हे क्रमांक सांभाळायला कुणीतरी एकजण हवा, आणि शंकेच्या सुरात स्वतःचंच नाव पुढे केलं. ईमेलला २५ नंबर मिळाला. १९९२ च्या यादीत ८० नंबर वेबच्या नावावर आहे. देशांच्या डोमेनसाठी त्यांनी आयएसओची तयार यादी उचलली. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हे ठरवण्याच्या भानगडीत त्यांना पडायचंच नव्हतं. ही शक्कल भारीच होती.

हे सगळं चालायचं विश्वासावर. तो विश्वास किती होता, हे जानेवारी १९९८ मध्ये दिसलं.

डोमेन नावांची मुख्य यादी तेव्हा नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीच्या सर्व्हरवर असायची. तिची नक्कल इतर रूट सर्व्हर घ्यायचे. ही व्यवस्था कुणाच्या हाती जावी, यावर अमेरिकन सरकारशी वाद पेटला होता. २८ जानेवारीला पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल करून यादी आपल्या मशीनवरून घ्यायला सांगितलं. त्यांनी ऐकलं! वॉशिंग्टनमध्ये मात्र खळबळ उडाली. क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हे थांबवायला लावलं. ही फक्त चाचणी होती, असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि आठवडाभरात सगळं पूर्ववत झालं. इंटरनेट वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही.

पण एका माणसाच्या ईमेलवर हे होऊ शकतं, हे सरकारला कळून चुकलं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आयकॅन ही संस्था स्थापन झाली. पोस्टेल यांनीही तिच्या उभारणीसाठी मेहनत घेतली होती.

ती कामाला लागलेली बघायला ते राहिले नाहीत. १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत त्यांचं निधन झालं. वय होतं ५५. सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध झाला. क्रमांक २४६८.